आमच्या सासूबाईंचं नाक

आमच्या सासूबाईंना वास घेण्याचा पगार मिळायचा. लग्न ठरलं तेव्हा मी हे माहेरी सांगितलं, तर माझा भाऊ हसून हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. आईने मात्र गंभीर चेहऱ्याने विचारलं, कुणाचा वास? मला तरी तेव्हा कुठे धड ठाऊक होतं.

तर त्याचं असं होतं. अंतराळात माणसं पाठवणाऱ्या संस्थेची एक मोठी इमारत आमच्या घरापासून बसच्या थोड्या थांब्यांवर होती. रॉकेट वगैरे तिथे काही नव्हतं, ते कुठे लांब उडायचं. ह्या इमारतीत वर जाणाऱ्या सामानाची तपासणी व्हायची. तिच्या अगदी मागच्या एका खोलीत सासूबाई आणि आणखी चार जण टेबलाभोवती बसून प्रत्येक वस्तू हुंगायचे. साबण, ओले टॉवेल, टूथपेस्ट, बनियन, कंगवा, चिकटपट्टीची गुंडाळी, काही म्हणजे काही सुटायचं नाही. कारण वर खिडकी उघडता येत नाही. आपल्या नव्या चपलेला वास आला तर आपण ती गॅलरीत टाकतो. वर तोच वास तीच माणसं महिनोन्महिने नाकात घेऊन झोपणार, आणि तिथे सुरुवातीचे दिवस निम्म्यांना नुसतं मळमळत असतं.

वस्तू बंद डब्यात घालून तिला ऊब द्यायची, मग आतली हवा सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढून एकेकाच्या नाकाशी सोडायची, अशी त्यांची पद्धत. एकमेकांशी बोलायचं नाही, चेहरा वाकडा करायचा नाही. प्रत्येकाने आपापला आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काही वास नाही, चार म्हणजे सहनच होत नाही.

सासूबाईंना आपल्या नाकाचा भारी तोरा. मधूनमधून त्यांच्या नाकाची परीक्षा व्हायची, कुठल्या बाटलीत वास आणि कुठल्या बाटलीत नुसतं पाणी ते ओळखायची. त्या परीक्षेत पास झाल्या की त्या दिवशी गल्लीतून अशा चालत यायच्या, जणू रॉकेट ह्यांनीच हाताने वर फेकलं. गल्लीत सगळे त्यांना नाकवाल्या बाई म्हणायचे. दुसरी कुणी असती तर चिडली असती. ह्यांना ते कौतुक वाटायचं.

आणि मी? मी केस कापायच्या दुकानात कामाला. रंग, फवारे, शाम्पू, जळक्या केसांचा वास, सगळं अंगावर घेऊन संध्याकाळी घरी येणारी. तुम्हीच विचार करा. मुलाने शोधून शोधून आईसाठी नेमकी अशी सून आणली. पहिल्याच आठवड्यात दारात मला अडवून त्या म्हणाल्या की आज तू तीन बायकांची डोकी रंगवलीस आणि त्यातल्या एकीचा रंग स्वस्तातला होता. खरं होतं, म्हणून तर मला जास्तच झोंबलं. मी म्हटलं, आई, मी सून आहे, साबणाचा नमुना नाही. त्या म्हणाल्या, नमुना बरा, तो उलटून बोलत नाही. आमचं सख्य ते असं, विळ्याभोपळ्याचं. त्यांच्या कामाच्या दिवशी घरात फोडणी नाही, पावडर नाही, डोक्याला तेल नाही. नवरा बिचारा दोघींच्या मधे मान खाली घालून जेवायचा.

पण जेवताना एक गोष्ट मात्र मला आवडायची, ती म्हणजे वरच्या बातम्या. एकदा वर राहून आलेली एक बाई ह्या पाच जणांचे आभार मानायला मुद्दाम त्या मागच्या खोलीत आली. सासूबाईंना पुढे कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. वर नळ नाही. असता तरी उपयोग काय, पाणी खाली पडतच नाही, कारण खाली असं काही नाहीच तिथे. पिशवीतून पाणी दाबलं की ते अंगाला चिकटून बसतं, जेलीसारखं थरथरतं. मग धुवावा न लागणारा साबण चोळायचा आणि टॉवेलने टिपून घ्यायचं, झाली आंघोळ. घामसुद्धा ओघळत नाही, जिथल्या तिथे साठतो, तो पुसायचा. दात घासून चूळ कुठे टाकणार, म्हणून बरेच जण टूथपेस्ट गिळूनच टाकतात. नखं कापायची तर हवा ओढणाऱ्या जाळीजवळ बसून, नाहीतर तुकडे कुणाच्या तरी डोळ्यात. कपडे धुवायची सोयच नाही, एकच शर्ट दिवसेंदिवस घालायचा आणि मग टाकून द्यायचा. ओला टॉवेल लटकवून ठेवायचा, त्याची वाफ यंत्र गोळा करतं आणि तिचं परत पिण्याचं पाणी होतं. म्हणजे आज डोकं धुतलेलं पाणी उद्याच्या चहाला. नुसतं डोक्याचंच नाही म्हणे, असं म्हणून सासूबाई संडासाच्या वर्णनाकडे वळल्या, पट्टे कसे बांधायचे आणि हवा कशी खालून ओढून घेते, आणि नवरा ताट घेऊन उठला.

मी उठले नाही. मी विचारलं, आणि केस कोण कापतं? तर म्हणाल्या, आपापसातच कापतात, कात्रीला केर ओढणाऱ्या झाडूयंत्राची नळी लावून. कापता कापता केस ओढले जातात आत, नाहीतर खोलीभर तरंगतील. मला इतकं हसू आलं. आमच्या दुकानात ती नळी असती तर झाडायचं काम वाचलं असतं. त्या दिवशी पहिल्यांदाच जेवण संपेपर्यंत आमचं भांडण झालं नाही.

मग मला दिवस गेले, दुसऱ्यांदा. पहिलं तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं आणि त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नसे. ह्या खेपेला उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांना होतात, होतील कमी, असं जो तो सांगून गेला. माझ्या कमी होईनात. वास आला की उलटी. साबणाचा, नवऱ्याच्या शर्टाचा, भिंतीच्या रंगाचा, गरम पाण्याच्या वाफेचा. घोटभर पाणीसुद्धा पोटात ठरेना. दुकान सुटलं. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात ठेवून सलाइन लावलं, तर तिथे फिनेल. आगीतून फुफाट्यात. घरी सोडताना त्या म्हणाल्या, वजन असंच उतरत राहिलं तर बाळाची वाढ थांबेल, आणि मग... मला कळलं. हेही जाणार.

घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून रडत पडले. सासूबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा ऐकायचा.

त्या म्हणाल्या, "रडू नकोस. वासच छळतोय ना तुला? मग हे काम माझ्या खात्यातलं आहे."

त्यांनी रजा टाकली आणि घरातली मागची खोली रिकामी करायला घेतली. पडदे काढले. पॉलिश केलेलं कपाट बाहेर. नवी गादी बाहेर, जुनी आत. उशीची खोळ डब्यात घालून उन्हात ठेवायच्या, मग झाकण किलकिलं करून हुंगायच्या आणि मान हलवायच्या, नापास. भिंतीवरचं घड्याळसुद्धा त्याच्या रबरी कडेपायी नापास झालं. नवऱ्याला साबण बंद. जेवण समोरच्या इस्त्रीवाल्या बाईंकडे शिजवून आणायचं, पार थंड करायचं आणि मगच आत. त्या खोलीत चमचासुद्धा त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय आला नाही.

आणि आंघोळ. न्हाणीघरातली वाफ मला सोसत नव्हती, म्हणून त्या पलंगावरच मला वरच्या माणसांसारखी आंघोळ घालायच्या. तपासून उरलेले टॉवेल आणि धुवावा न लागणारा शाम्पू त्यांच्या कपाटात होता. अर्ध्या अंगाला एक टॉवेल, अर्ध्याला दुसरा, मग कोरड्याने टिपायचं. कंगव्याने केसांचे भांग पाडून थेंब थेंब पाणी, मग शाम्पू, मग बोटांनी हळूहळू चोळणं. मी जन्मभर दुसऱ्यांची डोकी धुतलेली. माझं डोकं कुणी धुवून मला वर्षं लोटली होती. ज्या बाईची जीभ कात्रीसारखी चालायची तिचा हात इतका हलका असेल, हे मला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं. मी डोळे मिटून घ्यायची, म्हणजे त्यांना पाणी दिसू नये.

तरी उलट्या थांबेनात. त्या मान वळवतात न वळवतात तोच माझं तोंड भांड्यात. त्यांना वाटायचं, अजून काहीतरी राहिलंय. एवढं करून त्यांची रजा संपली आणि त्या कामावर गेल्या. त्या दुपारी मी उकडलेला बटाटा खाल्ला आणि तो पोटात राहिला. मी वाट बघतेय, बघतेय, आणि काही होईना. केवढा आनंद झाला मला. संध्याकाळी त्या आल्या, शेजारी बसल्या, पाठीवरून हात फिरवला, आणि सगळं बाहेर. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवसभर बरं, संध्याकाळी भांडं. सुट्टीच्या दिवशी त्या सकाळपासून घरात होत्या, तर त्या दिवशी पाणीही ठरलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

वास त्यांचा होता. घाणेरडा नाही हो. त्यांच्यासारखी स्वच्छ बाई अख्ख्या गल्लीत नव्हती. साबण लावणार तो बिनवासाचा, कपडे उन्हात कडक वाळवलेले. वास होता तो नुसत्या माणसाचा, त्यांच्या कातडीचा, जुन्या लाकडी पेटीसारखा. एरवी मला तो कधी जाणवलाही नव्हता. पण तेव्हा तो दारातून आत आला की मला भांडं जवळ ओढावं लागायचं.

आता हे सांगायचं कसं? नाकावर जिची सारी इज्जत, तिला तोंडावर सांगायचं की तुमचाच वास येतो? आणि तीही सासू, आणि तीही माझ्यासाठी जिवाचं रान करणारी. सांगता येईना आणि सहन होईना. नवऱ्याला सांगितलं. तो आधी पांढरा पडला, मग म्हणाला मी बोलतो, आणि रोज उद्यावर ढकलत राहिला. जन्मात कधी आईपुढे तोंड उघडलेलं नाही, तो ह्या बाबतीत काय उघडणार होता? तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वजन केलं आणि निक्षून सांगितलं की हा आठवडा शेवटचा, ह्यात अन्न ठरलं नाही तर मी काही शब्द देऊ शकत नाही.

त्या संध्याकाळी सासूबाई कामावरून आल्या आणि कपडे बदलून थेट पलंगाखाली शिरल्या. एवढं वय, गुडघे दुखणारे, आणि हाताचे पंजे जमिनीवर टेकून फरशीच्या फटी हुंगत सरकत होत्या. पलंगाचा एक पाय हुंगला, मग दुसरा. संध्याकाळी ह्या खोलीत असं काय येतं, असं पुन्हा पुन्हा स्वतःशीच पुटपुटत होत्या. नाकाला धूळ लागलेली. माझ्याच्याने ते बघवेना.

"आई, उठा," मी म्हटलं. "शोधू नका. तुम्हीच आहात."

त्यांना आधी समजलंच नाही. मग मला ते सगळं सांगावं लागलं, दुपारचा बटाटा, सुट्टीचा दिवस, सगळं. सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या फरशीवरच बसून राहिल्या. माझी तर पाचावर धारण बसली होती. आता ह्या रडतील, नाहीतर घर डोक्यावर घेतील.

त्यांनी विचारलं, "किती? शून्य ते चारमध्ये?"

खोटं बोलावं असं मनात आलं. पण त्यांनी ते इतक्या कामाच्या आवाजात विचारलं होतं की मला जमलं नाही. मी म्हटलं, "चार."

त्यांनी मान डोलावली. मग हळूहळू बोलल्या. म्हणाल्या, "आम्ही पाच जण बसतो ते उगाच नाही. रोजचा वास नाकाला कळेनासा होतो, आणि स्वतःचा तर कधीच कळत नाही. मी इथे एकटीच बसले, तिथे चुकले." मग नाकाची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "वर असतो ना, तर दोघींनाही कुठे जाता आलं नसतं. इथे दार आहे." आणि पलंगाच्या कडेला धरून उठल्या, बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

त्याच संध्याकाळी त्या चार कपडे घेऊन समोरच्या इस्त्रीवाल्या बाईंच्या वरच्या खोलीत राहायला गेल्या. स्वतःचं घर, स्वतःची खाट सोडून. तिथून फोनवर नवऱ्याला आंघोळ शिकवायच्या. टॉवेल पिळ, अजून पिळ, अरे तिच्या कानात पाणी घालशील, भांग सरळ पाड. पहिल्या दिवशी त्याने माझी उशी भिजवली आणि शाम्पू डोळ्यात घातला. पुढे हळूहळू त्याचा हात बसला. त्या गेल्या त्या दिवसापासून माझ्या पोटात अन्न ठरायला लागलं. आधी बटाटा, मग पेज, मग थंड भाजी. रोज कामावरून येताना सासूबाई समोरच्या फुटपाथवर उभ्या राहायच्या आणि हनुवटी वर करून खुणेने विचारायच्या, राहिलं का? मी काचेआडून पोटावर हात ठेवून मान डोलवायची. मग त्या वर जायच्या.

गल्लीला हे पुराण कसं कळणार? गल्लीला एवढंच दिसलं की सुनेने सासूला घराबाहेर काढलं. माझ्या खिडकीखाली उभं राहून किराणावाल्याची बायको मोठ्याने बोलायची, मला ऐकू जावं म्हणूनच. कलियुग आहे बाई, ज्या माउलीने हिचं सगळं केलं तिलाच हाकललं. माझ्या दुकानातल्या मुलींपर्यंत गेलं ते. मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत होते, कारण खरं सांगितलं तर सासूबाईंची लाज जाणार.

तर एक दिवस सासूबाईच किराणा दुकानात गेल्या. पुढचं मला इस्त्रीवाल्या बाईंनी सांगितलं. दुकानात गर्दी होती. किराणावाल्याच्या बायकोने सहानुभूतीचा सूर लावल्याबरोबर ह्यांनी तिला थांबवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "तिने नाही काढलं मला. तिला माझा वास येतो. चार येतो, अगदी वरचा आकडा. मी आत असले की माझं नातवंड उपाशी राहतं, म्हणून मी बाहेर आहे. आणखी काही विचारायचंय कुणाला?"

इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, परत येताना त्या नेहमीसारख्याच चालत होत्या, फक्त वर खोलीत गेल्यावर बराच वेळ दंडाला नाक लावून बसल्या होत्या. हे ऐकून मी उशीत तोंड घालून हमसून हमसून रडले. माझ्या सख्ख्या आईनेही माझ्यासाठी हे केलं नसतं. जन्मभर कमावलेली ऐट त्या बाईने भर दुकानात माझ्या पोरासाठी उधळून टाकली आणि परत माझ्यापाशी त्याचा उच्चार केला नाही.

दिवस पूर्ण भरले. मुलगी झाली. वजनाने जरा कमी, पण आवाजाने भरपूर. नवरा तिला बघून वेड्यासारखा हसत होता. माझी आई, माझा भाऊ, इस्त्रीवाल्या बाई, सगळे आत येऊन बघून गेले. सासूबाई आल्याच नाहीत. मी विचारलं तर नवरा म्हणाला, आई केव्हाची बाहेर बाकावर बसली आहे, आत येत नाही म्हणते.

मी म्हटलं, बोलाव. त्या आल्या, पण दारातच थांबल्या. हात मागे बांधलेले. चेहरा उतरलेला, केस पिकलेले. इतके महिने मी त्यांना रस्त्यापलीकडूनच बघत होते, म्हणून ते दिसलं नव्हतं. बाळाकडे त्यांनी लांबूनच मान उंच करून बघितलं.

"येतो का?" त्यांनी विचारलं.

वास दारातून आत आला होता. तोच, जराही कमी नाही.

"येतो," मी म्हटलं.

त्या लगेच मागे वळल्या. मी इतक्या मोठ्याने आई म्हणून हाक मारली की परिचारिका धावत आली. मी म्हटलं, "अहो, येतो, पण त्रास नाही होत. या ना इकडे. मला हवाय तो."

त्या आल्या आणि पलंगाच्या अगदी कडेला बसल्या, अंग आखडून. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर श्वास घेतला. तेव्हा मला कळलं की मी दारापलीकडच्या ह्या वासाची कधीपासून वाट बघत होते. आई, तुमच्यामुळे आहे ही, एवढंच मला बोलता आलं. मागे बांधलेला हात त्यांनी हळूच पुढे घेतला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.